थ्रू पास, स्टॉपर आणि रविवारची सकाळ

या महिन्यात फुटबॉलची पाच पत्रं आली. त्यातली तीन एकाच कॉलेजातली आहेत: एक कर्णधाराचं, एक गोलकीपरच्या आईचं आणि एक माजी विद्यार्थ्याचं. तिघांनी एकमेकांना न सांगता लिहिलंय आणि दुखणं एकच सांगितलंय, की आपला संघ पासवर गोल खातो. नुसती पत्रं वाचून माझं भागेना. मागच्या रविवारी सकाळी सात वाजता मी स्वतः त्यांचा सामना बघायला गेलो आणि कडुलिंबाखाली वही घेऊन उभा राहिलो. संघ ३-१ असा हरला. वहीत मी गोल कोणामुळे झाला ते लिहिलं नाही. प्रत्येक गोलाच्या आधी बॉल कोणाकडे होता आणि त्याच्या जवळ आपलं कोण होतं, एवढंच लिहिलं. कॉलेजचं नाव छापत नाही, पोरांना अजून सीझन खेळायचाय.

प्रश्न : सर, मी कॉलेजच्या टीमचा कॅप्टन, स्टॉपर म्हणजे बॅकलाइनच्या मधे खेळतो, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा पाच मॅचमध्ये अकरा गोल खाल्ले, त्यातले आठ थ्रू पासवर. बॉल माझ्या आणि राइट बॅकच्या मधून निघून जातो न् त्यांचा फॉरवर्ड एकटा कीपरसमोर. सगळे म्हणून राहिले की स्टॉपर स्लो आहे. मी रोज फुटाळ्याला जाऊन स्प्रिंट मारून राहिलो, पण फरक पडून नाही राहिला. स्पीड वाढवायला काय करू? का स्टॉपरची जागाच सोडू?
— एक कर्णधार, नागपूर

उत्तर : बाळा, स्प्रिंट मार, ते वाया जात नाही. पण रविवारी जे पाहिलं त्यावरून सांगतो, तुझ्या पायांचा दोष फार थोडा आहे.

दुसरा गोल आठव. त्यांचा आठ नंबर, मोजे घोट्यापर्यंत उतरलेला, मधल्या वर्तुळाच्या कडेला बॉल घेऊन उभा होता. त्यानं बॉल तळव्याखाली दाबला. मान वर करून पाहिलं. बॉल उजव्या पायावर घेतला. परत पाहिलं. मी मनात मोजत होतो. तीन म्हणेपर्यंत त्याच्या दहा फुटांत तुमचं कोणी नव्हतं. तुमचे दोन हाफ, म्हणजे मधल्या फळीतले दोघं, एकमेकांकडे बघत होते. एकानं दुसऱ्याला हातानं ‘तू जा’ अशी खूण केली आणि दोघंही जागेवर राहिले. तेवढ्यात त्यांचा नऊ नंबर तुझ्या पाठीकडून पळायला निघालाही होता. आणि तू? दोन्ही टाचा जमिनीवर, छाती सरळ बॉलकडे. पास सुटल्यावर आधी तुझी मान वळली, मग खांदे, मग पाय. एवढ्या वळण्यात एक सेकंद गेला. पळत आलेला फॉरवर्ड सेकंदात सहा-सात मीटर काढतो. तिथून त्याला कोणीच गाठला नसता.

तो गोल तुझ्या नावावर लिहिला गेला, पण माझ्या वहीत तो त्या तीन सेकंदांवर लिहिला आहे. तुमचा एक हाफ धावत आठ नंबरच्या अंगावर गेला असता, बॉल हिसकावला नसता तरी चाललं असतं, नुसती त्याची मान खाली गेली असती, तर तो पास निघालाच नसता. म्हणून आज संध्याकाळी हाफ पोरांना बोलावून बस आणि ठरवून टाका: बॉलच्या बाजूचा जो असेल तो जाईल, दुसरा त्याच्या मागे आत सरकेल. खुणा करायच्या नाहीत, विचारायचं नाही.

आता तुझं काम. लाइन, म्हणजे तुम्हा चार बॅकची रांग, वर ठेवायची की मागे, हे बॉलकडे बघून ठरत नाही, बॉल ज्याच्या पायाशी आहे त्याच्याकडे बघून ठरतं. त्याची मान वर आहे, पाय मोकळा आहे, अंगावर कोणी नाही, असं दिसलं की पास मागे पडणार असंच धर आणि तो सुटायच्या आधी चौघांना घेऊन चार-पाच पावलं मागे सरक. त्याची मान खाली असेल, पाठ तुमच्याकडे असेल किंवा आपला हाफ त्याला भिडला असेल, तर त्याच्याकडून लांबचा पास निघत नाही. तेव्हा सगळे वर या. मागे, वर, मागे, वर. नव्वद मिनिटं हेच चालतं. रविवारी तुमची लाइन अर्धा तास एकाच जागी होती, जणू कोणी चुन्यानं आखून दिलीय.

उभं राहणंही बदल. एक पाय मागे, अंग अर्धं वळलेलं, वजन चवड्यांवर. बॉल एका डोळ्याच्या कोपऱ्यात आणि फॉरवर्ड दुसऱ्या. सीताबर्डीच्या गर्दीत गाडी चालवताना तू आरशात जितक्यांदा बघतोस, तितक्यांदा खांद्यावरून मागे बघ. मी तुला पहिल्या अर्ध्या तासात मोजलं: तू चार वेळा मागे पाहिलंस. चार! सांगायला वाईट वाटतं, पण त्यांच्या नऊ नंबरला हे तुझ्या आधी कळलं होतं. तो मुद्दाम तुझ्या नजरेच्या मागे जाऊन उभा राहत होता.

ऑफसाइडचं थोडं सांगावंच लागेल. पास सुटताना फॉरवर्ड तुमच्या शेवटच्या बॅकच्या पुढे, फक्त कीपरसमोर असेल, तर तो ऑफसाइड. त्यांचा पहिला गोल बाजूच्या रेषेवरून हातानं टाकलेल्या थ्रोवरून झाला आणि तुमच्या राइट बॅकनं ऑफसाइड मागत हात वर केला. थ्रोवर ऑफसाइड नसतो, पोरांनो. थ्रो, गोल किक, कॉर्नर, या तिन्हीवर नसतो. हात वर करण्यात त्यानं जी दोन पावलं गमावली, तेवढ्यात बॉल जाळ्यात होता. तिसऱ्या गोलाला तुम्ही खरंच ट्रॅप लावायला गेलात, म्हणजे फॉरवर्ड ऑफसाइडमध्ये सापडावा म्हणून एकदम वर यायला गेलात, तिघं वर आले आणि लेफ्ट बॅक दोन मीटर मागे राहिला. त्या एकट्यानं सगळ्यांना ऑनसाइड केलं. शिवाय बॅकच्या बरोबर रेषेत असलेला फॉरवर्ड ऑफसाइड नसतो, हे १९९० पासून आहे. पाऊलभर मागे राहिलेला बॅक म्हणजे उघडं दार.

ट्रॅप चांगला लावला तर काय होतं, ते २०२२ च्या वर्ल्ड कपात दिसलं. लुसैलच्या मैदानावर सौदी अरेबियानं मेस्सीच्या अर्जेंटिनासमोर इतकी वर लाइन ठेवली, की पहिल्याच हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले. सामना सौदीनं २-१ जिंकला. पण नीट बघ, त्यांचे मधले खेळाडू पास देणाऱ्याला क्षणभर उसंत देत नव्हते, म्हणून मागच्यांना वर राहता आलं. तुमच्यासारखं आठ नंबरला मोकळं सोडून कोणी ट्रॅप लावू नये. हा हट्ट यंदा सोडून द्या, पुढच्या वर्षी बघू.

आणि जागा सोडायचं मनात आणू नकोस. तू ज्या जागी खेळतोस ती जागाच या दुखण्यातून जन्माला आली आहे. १९२५ पर्यंत ऑफसाइड न ठरायला फॉरवर्ड आणि गोलरेषा यांच्या मधे विरुद्ध बाजूचे तीन खेळाडू लागत. त्या वर्षी तीनचे दोन केले आणि इंग्लंडच्या लीगमध्ये एका सीझनात गोल ४७०० वरून ६३७३ वर गेले. दोन बॅकच्या मधून पास जायला लागले. मग आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननं मधल्या हाफला ओढून दोन बॅकच्या मधे उभं केलं. तो स्टॉपर. शंभर वर्षांपूर्वी सगळ्यांचीच बॅकलाइन तुमच्यासारखी फुटत होती.

एक शेवटचं. रविवारी तू तोंडानं एक शब्द बोलला नाहीस. कॅप्टन आहेस, सगळं मैदान तुझ्यासमोर आहे, हाफला त्याच्या मागचं दिसत नाही, तुला दिसतं. आपल्या मैदानावर हाका हिंदीतच चालतात, चालू देत, तीनच ठेवा. ‘निकल’ म्हणजे वर. ‘पीछे’ म्हणजे मागे सरका. ‘जा’ म्हणजे हाफनं भिडायचं. आवाज इतका हवा की कडुलिंबाखाली मला ऐकू यावा. पुढच्या रविवारी मी येतोय.

प्रश्न : माझा मुलगा कॉलेजच्या टीमचा गोलकीपर आहे. प्रत्येक मॅचनंतर घरी येतो, बूट अंगणात टाकतो आणि न जेवता झोपतो. टीमची मुलं ग्रुपवर त्यालाच बोलतात. तो म्हणतो की, मला गोललाइन सोडू नको असं सांगितलं आहे आणि बाहेर नाही आलो की तुझ्यामुळेच गोल झाला असंही म्हणतात. मला खेळातलं काही कळत नाही. त्याचं खेळणं बंद करू का? मागे एकदा त्याच्या डोक्यालाही लागलं होतं.
— एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, तुम्हाला खेळातलं कळत नाही असं तुम्ही लिहिता, पण नेमकी गोष्ट तुम्हीच लिहिली आहे. त्याला एक सांगितलं जातं आणि दुसऱ्यासाठी बोल लावला जातो. रविवारी मी त्याला पाहिलं. हिरवा जर्सी, उंच, हात चांगले आहेत त्याचे. पहिल्या हाफमध्ये खालून गेलेला एक फटका त्यानं बोटांच्या टोकांनी खांबाबाहेर काढला, तो त्या वयाच्या फार थोड्या मुलांना निघाला असता. कोणी टाळी वाजवली नाही. मी वाजवली.

गोलची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४. फॉरवर्ड एकटा समोर आला आणि कीपर रेषेवर उभा असला, तर त्या फॉरवर्डला दोन्ही बाजूंना दार उघडं दिसतं. कीपर सहा पावलं पुढे आला की दार अरुंद होतं. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बॅकच्या मागे जी मोकळी जागा असते ती कोणाची, हे ठरलेलं असावं लागतं. जे संघ लाइन वर ठेवतात त्यांच्यात ती जागा कीपरची असते. २०१४ च्या वर्ल्ड कपात पोर्तो अलेग्रेच्या सामन्यात अल्जेरिया जर्मनीच्या बॅकच्या मागे सारखे लांब पास टाकत होता आणि जर्मनीचा कीपर मॅन्युएल नॉयर गोलसमोरचा आपला बॉक्स सोडून, कधी पायानं, कधी डोक्यानं, ते पास काढत होता. जर्मनीनं तो सामना जादा वेळेत २-१ जिंकला आणि पुढे कपही. तुमच्या मुलाला रेषेवर बांधून ठेवायचं असेल, तर बॅकनी मागे राहायला हवं. बॅक वर राहणार असतील, तर याला मोकळं सोडायला हवं. दोन्ही नियम एकदम लावले की मधली वीस-पंचवीस मीटर जागा बेवारस पडते आणि गोल तिथूनच होतात. हे ठरवणं तुमच्या मुलाच्या हातात नाही, शिकवणाऱ्याच्या आणि कॅप्टनच्या हातात आहे. कॅप्टनला मी वर लिहिलंच आहे. तुमच्या मुलानं हा अंक शिकवणाऱ्या सरांपुढे ठेवावा आणि शांतपणे विचारावं, ‘सर, मागची जागा कोणाची?’ भांडू नये, पण उत्तर घेतल्याशिवाय मैदानात उतरू नये.

खेळ बंद करू नका. डोक्याचं मात्र गांभीर्यानं घ्या. बाहेर येणारा कीपर आणि पळत येणारा फॉरवर्ड यांची धडक होते. डोक्याला मार लागला, चक्कर आली, मळमळलं, क्षणभर जरी काही आठवेनासं झालं, तर त्याच सामन्यातून बाहेर, डॉक्टरला दाखवायचं, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदान नाही. सामना फायनल असो की आणखी कुठला, हे तुम्ही आई म्हणून ठासून सांगा. कोणीही कितीही आग्रह केला तरी.

रात्री तो आला की ‘किती गोल झाले’ असं विचारू नका. आज किती वाचवले, ते विचारा. रविवारी सहा वाचवले, माझ्या वहीत आहेत. आणि जेवण झाकून ठेवा, लगेच नाही तर तासाभरानं उठून खाईल. माझी आई गरम वरण-भात ठेवायची. मी रोज उठून खाल्ला.

प्रश्न : सर, मी मुलींच्या टीमची लेफ्ट बॅक आहे. क्रॉस आला की माझी नजर बॉलवर जाते न् मागून कोणीतरी येऊन हेड मारून जाते. बॉल बघू की माणूस?
— एक खेळाडू, सावनेर

उत्तर : बेटा, दोन्ही, आणि त्यासाठी उभी राहायची जागा बदलावी लागेल. क्रॉस उजवीकडून येत असेल तेव्हा तू दूरच्या खांबाजवळची शेवटची बॅक असतेस, म्हणजे तुझ्या पाठीमागून येणारी मुलगी फक्त तूच थांबवू शकतेस. बॉलकडे पूर्ण तोंड करू नकोस, अंग बाजूच्या रेषेकडे थोडं उघडं ठेव. बॉल हवेत जायच्या आधी एकदा मागे बघ आणि हाताची पाठ तिच्या अंगाला हलकी लागू दे, ढकलायचं नाही, ती कुठे आहे ते कळण्यापुरतं. मग बॉल बघ. उडी तिच्या आधी मार, अर्धवट लागला तरी चालेल. तू पत्रात विचारलंस तसं मैदानात तुझ्या स्टॉपरलाही विचारत जा, ती तुझ्यासाठी मागे बघू शकते.

प्रश्न : मी याच कॉलेजचा १९८९ चा विद्यार्थी. आमच्या वेळी प्रत्येक फॉरवर्डला एक माणूस दिलेला असायचा. तो पाणी प्यायला गेला तरी आपला माणूस सोबत. त्यामुळे असले पास पडतच नव्हते. आता पोरं नुसती रांगेत उभी राहतात आणि झोन झोन करतात, म्हणजे माणूस सोडून जागा सांभाळतात. तुम्ही जुने खेळाडू आहात, त्यांना मॅन मार्किंगवर परत का आणत नाही? आम्ही काही जण दर सामन्याला जातो आणि बघून जीव जळतो.
— एक माजी विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : दादा, तुम्ही दर सामन्याला जाता हे वाचून बरं वाटलं. रविवारी पाच-सहा ज्येष्ठ मंडळी मैदानाच्या पलीकडे होती, तुम्ही त्यातच असणार. पण तुमच्या म्हणण्याशी मी सहमत नाही, आणि का नाही ते माझ्या अंगावर बेतलेलं आहे म्हणून सांगतो.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि कामठीत खेळायला गेलो होतो. कामठीची छावणी १८२१ ची. तिथल्या गल्लीतल्या पोराला चालायला आलं की बॉल दिला जातो असं आम्ही म्हणायचो. मला सांगितलं होतं की, त्यांचा नऊ नंबर तुझा, त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. मी नाही घेऊ दिला. तो उजवीकडे गेला, मी गेलो. तो मागे गेला, मी गेलो. वीस मिनिटं त्याला बॉल लागला नाही आणि मला वाटलं, आज आपलं नाव होणार. मग तो सरळ बाजूच्या रेषेजवळ जाऊन उभा राहिला. हात कमरेवर. मी त्याच्या बाजूला. त्यानं माझ्याकडे पाहून स्मित केलं आणि त्याच क्षणी मला मागून आरडाओरडा ऐकू आला. मी जिथून निघालो होतो त्या मधल्या जागेत त्यांचा हाफ पळत आला होता, पास त्याला पडला होता, आणि आमचा कीपर एकटा. गोल. दहा मिनिटांनी पुन्हा तसाच. हाफटाइमला त्यांच्याच बाजूचे एक वयस्कर गृहस्थ, पांढरी दाढी, हातात पाण्याचा जग, माझ्याकडे आले. विरोधी संघाचे असून आले. मला पाणी दिलं आणि म्हणाले, ‘बेटा, आदमी के पीछे मत जा, जगह को देख. आदमी वापस वहीं आएगा.’ पंचेचाळीस वर्षं झाली, तो जग मला अजून दिसतो, पितळेचा, एका बाजूला चेपलेला.

तुमच्या काळात मॅन मार्किंग चाललं, कारण समोरचे फॉरवर्ड आपापल्या जागी राहायचे. आजची पोरं मोबाइलवर जगातली प्रत्येक लीग बघतात, जागा बदलत खेळतात. एकाला एक दिला की ते त्याला ओढून नेतात आणि भगदाड पाडतात. कॉर्नरवर आणि बॉक्सच्या आत मात्र तुमचं खरं आहे. तिथे माणूस धरायलाच हवा, तिथे झोनच्या नावाखाली या पोरांनी दोनदा मोकळं सोडलं, तेही मी लिहून ठेवलंय. तुम्ही कॅप्टनला तेवढं शिकवा. तुमच्यासारख्यांनी आठवड्यातून एक सकाळ कॉर्नरचा सराव घेतला, तर त्यांना फार उपयोग होईल.

एक विनंती मनापासून आहे. तिसऱ्या गोलानंतर पलीकडून लेफ्ट बॅकच्या नावानं जी ओरड झाली, ती मलाही ऐकू आली. तो पोरगा त्यानंतरच्या वीस मिनिटांत एकदाही पुढे आला नाही, पास मागायलाही नाही. १९६२ ला जकार्तात आपण एशियाड जिंकलो, तेव्हा स्टॉपर जर्नेल सिंग डोक्याला टाके घेऊन फायनल खेळले, तेही फॉरवर्डच्या जागी, आणि कोरियावर गोल केला. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्यांच्यावर टाकलेला तो विश्वास होता. या पोरांवर कोणी तेवढा विश्वास टाकत नाहीये. तुम्ही टाका.

प्रश्न : मी ग्रामीण कॉलेजात क्रीडा विभाग सांभाळतो. चौदा मुलं येतात, अर्धं मैदान मिळतं, ते पण सकाळी सहा ते सात. बाकी वेळ मैदानावर दुसऱ्यांचं काही असतं. आमचाही डिफेन्स पासवर फुटतो. एवढ्यात काय सराव घेऊ?
— एक शिक्षक, उमरेड

उत्तर : सर, चौदा मुलं आणि अर्धं मैदान बॅकलाइन शिकवायला पुरेसं आहे. आपल्याच नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केलं, ते आठवा.

पहिली पंधरा मिनिटं बॉलशिवाय घ्या. चार बॅकना एक दोर धरायला द्या, साधारण चोवीस मीटरचा, शेतीच्या दुकानात मिळतो तो सुताचा चालेल, नायलॉनचा नको, हाताला कापतो. चौघांच्या मधे आठ-आठ मीटर. तुम्ही समोर उभे राहून हात दाखवा, उजवीकडे, डावीकडे, वर, मागे. दोर ना ताणला पाहिजे, ना जमिनीला लागला पाहिजे. पहिल्या दिवशी दर पाच सेकंदांनी लागेल. कोण उशिरा हलतो ते बोलून दाखवावं लागत नाही, दोरच दाखवतो. रविवारच्या त्या लेफ्ट बॅकच्या हातात दोर असता, तर तिसरा गोल झाला नसता.

मग तीन सेकंदांचा खेळ. चार विरुद्ध चार, आणि कडेला दोन मुलं फक्त पास द्यायला. बॉल ज्याच्याकडे आहे त्याच्यापाशी आपला कोणी तीन मोजेपर्यंत पोचला नाही, तर तुम्ही शिट्टी वाजवायची आणि समोरच्यांना एक गुण द्यायचा, गोल न होताच. मोजणं मोठ्यानं करा, बाहेर बसलेल्या पोरांना करायला लावा. दोन आठवड्यांत मुलं स्वतःच मोजायला लागतात.

शेवटची वीस मिनिटं साक्कींचा खेळ घ्या. एसी मिलाननं १९८९ आणि १९९० ला युरोपियन कप जिंकला, तेव्हा अरिगो साक्की त्यांचे प्रशिक्षक होते. बॅकपासून फॉरवर्डपर्यंत पंचवीस-तीस मीटरच्या वर अंतर पडू द्यायचं नाही, हा त्यांचा आग्रह. ते सांगत की, आपली पद्धत पटवून द्यायला त्यांनी कीपर आणि चार बॅक एका बाजूला ठेवले आणि गुलिट, व्हॅन बास्टेनसह दहा जण दुसऱ्या बाजूला. अट एवढीच की, बॉल गेला तर दहांनी पुन्हा मागून सुरू करायचं. पंधरा मिनिटांत दहांना एकही गोल करता आला नाही. तुमच्याकडे चौदा आहेत: पाच विरुद्ध नऊ. आधी गोल होतील, होऊ द्या. प्रत्येक गोलानंतर खेळ थांबवा, सगळ्यांना जागेवर गोठवा आणि बॅकना नाही, आधी पास देणाऱ्याला विचारा, ‘तुला किती वेळ मिळाला?’

मैदानाचंही बघा. उमरेडकडे काळी माती आहे. पाऊस ओसरल्यावर ओल असते तोवर पास घसरत कीपरकडे जातो, तेव्हा बॅकला थोडं वर राहता येतं. डिसेंबरनंतर तीच जमीन दगडासारखी होते, बॉल टप्पा घेऊन बॅकच्या डोक्यावरून जातो. तेव्हा टप्पा पडू न देता पहिल्या स्पर्शातच काढायला शिकवा आणि लाइन दोन पावलं मागे घ्या.

दोर पंधरा दिवसांनी काढून घ्या. काढल्यावर पहिल्या सामन्यात मुलं परत पांगतील. सोमवारी पुन्हा हातात द्या.